प्रार्थनेसकट सुई

लातूरच्या मिशन दवाखान्यामागच्या गल्लीत 'सरजाबाई' म्हणून विचारलं तर कुणी सांगेल याची खात्री नाही. 'सुईवाली मावशी' म्हटलं की मात्र चार जण चार बाजूंनी बोट दाखवतात आणि पाचवा, "चला, मलाबी टोचून घ्यायचीच हाय," म्हणत सोबत निघतो.

बाई पासष्टीची. अंगानं काटक, उंचीनं बेताची, पदर कायम कमरेला खोचलेला. दवाखान्यात तिनं अडतीस वर्षं आयाचं काम केलं. आयानं चादरी बदलायच्या, बाळंतिणीची उस्तवार करायची, सुईला हात लावायचा नाही. पण तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं हिचे हात बघितले आणि गुपचूप शिकवून ठेवलं. तो हात असा बसला की पुढं पुढं डॉक्टरच रडक्या पोरांसाठी 'सरजाला बोलवा' म्हणायला लागले. निवृत्त झाल्यावर दवाखाना सुटला, सुई काही सुटली नाही. हे कायद्यात बसतं का, असं कुणी विचारलंच तर ती सरळ सांगते, "न्हाई बसत. गल्लीच बसवून घेती."

नियम मात्र तिचे कडक. डॉक्टरची चिठ्ठी दाखवल्याशिवाय ती सिरिंजचा कागद फोडत नाही. एका नगरसेवकाला तिनं बिनचिठ्ठीचा म्हणून उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. ही गोष्ट ती अजून महिन्यातून एकदा तरी सांगते, आणि दर वेळी नगरसेवक थोडा जास्त गयावया करतो.

तिची आणखी एक तऱ्हा होती. सुई भरायची, हवा काढायची, मग डावा हात समोरच्याच्या डोक्यावर ठेवून डोळे मिटायचे. "प्रभू, या सुईला यश दे. आमेन." त्या आमेनच्या शेवटच्या अक्षरावर सुई आत गेलेली असायची. समोरचाही डोळे मिटून बसलेला असल्यामुळं त्याला पत्ता लागायचा नाही. यात भक्ती किती आणि हातचलाखी किती, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान असलेले चंद्रप्पा पहिल्यांदा आले तेव्हा ती जरा अवघडली. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, असा माणूस. याच्यापुढं प्रभूचं नाव कशाला घ्या, म्हणून तिनं प्रार्थना मनातच म्हटली. चंद्रप्पा कळवळून ओरडले.

"बाकीच्यांना म्हणता, मलाच काहून न्हाई? प्रार्थनेसकट टोचा!"

तेव्हापासून ते दर बुधवारी चिठ्ठी घेऊन येतात, डोकं पुढं करून बसतात, आमेन झाल्यावर स्वतःचं 'शिव शिव' जोडतात आणि दोन्हीकडून बंदोबस्त झाला अशा समाधानानं दुकानावर जातात.

सरजाबाईला स्वतःचं मूल नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. पण तिला पोर नाही असं गल्लीत कुणी म्हणत नाही, कारण सुवार्ता आहे.

सुवार्ता ही मारोतीची मुलगी. मारोती डाळ मिलमध्ये हमाल. ख्रिस्ती माणसाचं नाव मारोती कसं, हा प्रश्न त्याला जन्मभर पुरला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले होते म्हणे, नाव बदलू या. त्यावर त्याची आई म्हणाली, लेकरू आता याच नावानं वळून बघतंय, नवं नाव दिलं तर हरवंल. तेव्हा राहिलं ते राहिलं. सुवार्ता जन्मली तेव्हा पावणेदोन किलोची होती. डॉक्टर 'बघू' म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ सरजाबाईला चांगला ठाऊक होता. तिनं ते पोर कापसात गुंडाळलं, पोलक्याच्या आत छातीशी धरलं आणि पुढचे अकरा दिवस चादरी बदलल्या त्या तशाच. पोर एका तळहातावर मावायचं. पुढं चार वर्षांनी मुलीची आई काविळीनं गेली आणि मारोती हमालीवर असायचा, तेव्हा ते पोर कुणाच्या चुलीपाशी वाढलं हे सांगायला नकोच.

तळहातावर मावणाऱ्या त्या पोरीनं आठवीत चार किलोचा गोळा उचलला आणि असा फेकला की शाळेतले सर फीत आणायला धावले. मारोती हुरळून म्हणाला, "बाप पोती उचलतो, पोरगी गोळा. आमचं खानदानच वजनदार." पोरीला देवानं दुसरी देणगी गळ्याची दिली होती. चर्चमध्ये गीताचं कडवं वर चढायला लागलं की बाकीच्या बाया थांबायच्या आणि ती एकटी वर जायची. बाहेर स्कूटरवरून जाणारी माणसं वेग कमी करायची. सरजाबाई तेव्हा डोळे मिटून बसायची, पण ते प्रार्थनेसाठी नसायचं. कौतुकानं डोळे भरायचे, ते कुणाला दिसू नयेत म्हणून.

बारावीनंतर सुवार्ता एका खासगी अकादमीत जायला लागली. लातुरात पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या पोरापोरींची कमतरता नाही. पहाटे मैदानावर जत्रा असते. सुवार्ताचा डोळा भरतीत खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागेवर होता. राज्य स्पर्धेत पहिल्या तिनांत आलं, प्रमाणपत्र मिळालं, की वर्दी जवळ. आणि वर्दी मिळाली की पप्पांचं पोतं उतरवायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. मारोतीची पाठ आता सकाळी उठताना अर्ध्यात अडकायची. पण गोळा अकरा मीटरच्या पुढं जाईना. दोन वर्षं झाली, अकरा म्हणजे अकरा.

ऑगस्टातल्या एका शनिवारी ती सरजाबाईकडं आली. हातात औषधाची छोटी शिशी.

"मावशी, अकादमीच्या सरांनी दिलंय. अशक्तपणावर हाय म्हणं."

सरजाबाईनं चष्मा लावून शिशी उजेडात धरली आणि तिचा चेहरा खुलला. "अगं, ही तर आपली ताकदीची सुई!"

दवाखान्यात ती ही सुई कितीदा द्यायची. खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्या, टीबीतून उठलेल्या, हाडाची काडं झालेल्या बाया. डॉक्टरबाई लिहून द्यायच्या, आणि महिन्याभरानं तीच बाई भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत चालत जायची. जुनी ओळखीची माणसं भेटावीत तसं तिला वाटलं. औषध तेलासारखं दाट असतं, म्हणून शिशी तळहातात धरून ऊब द्यायची असते, हेही तिच्या हातांना आठवलं. चिठ्ठी तिनं मागितली नाही. परक्यांची चिठ्ठी बघायची असते. आपल्या पोरीची काय बघायची?

डावा हात पोरीच्या डोक्यावर ठेवून ती म्हणाली, "प्रभू, या सुईला यश दे. आमेन."

असे बारा शनिवार झाले. प्रभूनं यश दिलं म्हणावं तर दिलंच. पोरीचे खांदे भरले, दंड कठीण झाले. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, पण वयच ते. सरजाबाई गल्लीत सांगत सुटली, "माझी धपाटी अंगी लागायलीत."

डिसेंबरात नांदेडला राज्य स्पर्धा झाली. सरजाबाई धपाट्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन एसटीनं सुवार्तासोबत गेली. मैदानाच्या कडेला तिच्याशेजारी गोळाफेकीतलीच एक सडपातळ पोरगी बोट धरून बसली होती. बोट सुजलं होतं. बुद्धप्रिया तिचं नाव, किनवटकडची. सोबत कुणी नव्हतं. आई शेतमजुरीवर, बापाला सुट्टी नाही. सरजाबाईच्या पिशवीत पट्टी नसेल असं व्हायचंच नाही. तिनं बोट शेजारच्या बोटाला बांधून दिलं, धपाटं खाऊ घातलं, आणि सवयीनं डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "प्रभू, या बोटाला यश दे."

सुवार्तानं गोळा टाकला तेरा मीटरला दोन बोटं कमी. पहिली आली. बुद्धप्रिया चौथी. तिसरीच्या आणि तिच्या फेकीत चार बोटांचा फरक होता. ती पोरगी रडली नाही. बांधलेलं बोट सोडवून पट्टी तिनं नीट गुंडाळली आणि सरजाबाईला परत आणून दिली. "मावशी, कुणाच्या तरी कामाला येईल," म्हणाली. परतीच्या एसटीत सुवार्ताच्या गळ्यातलं पदक सरजाबाईनं एवढ्या वेळा हातात घेऊन बघितलं की लोहा गाव येईपर्यंत कंडक्टरलाही सगळी हकिगत पाठ झाली.

नाताळच्या गाण्यांची तालीम पाळकसाहेबांच्या अंगणात असायची. कडवं वर चढायला लागलं, बाया सवयीनं थांबल्या, सुवार्ता वर गेली आणि तिचा आवाज फाटला. तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा जो निघाला तो मुलाचा आवाज होता, मिसरूड फुटताना निघतो तसा. सगळे हसले. पाळकसाहेब म्हणाले, थंडी लागली असेल, गरम पाणी पी. सुवार्ताही हसली.

सरजाबाई हसली नाही. दवाखान्यातल्या नऊ नंबरच्या खाटेवरची एक म्हातारी तिला आठवली. ताकदीच्या सुया जरा जास्त झाल्या तेव्हा ती बाई असंच घोगरं बोलायला लागली होती, आणि डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी सुई बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं वापरलेल्या शिश्यांच्या डब्यातून एक शिशी काढली आणि दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांना दाखवली. कुणाला दिली ते सांगितलं नाही. फक्त म्हणाली, धडधाकट पोरीला, खेळणारीला.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, हे दुबळ्यांचं औषध. खेळात याच्यावर बंदी आहे. तपासणीत सापडलं तर चार वर्षं मैदान बंद."

"आन् न्हाई सापडलं तर?"

"नाही सापडलं तरी अंगात गेलंच ना. पाळी बिघडते. आवाज बदलला असेल तर तो बहुतेक परत यायचा नाही."

सरजाबाई घरी आली. तिनं स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून बघितले, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

दुपारी सुवार्ता जेवायला आली. सरजाबाईनं ताट वाढलं नाही. शिशी तिच्यापुढं ठेवली.

"पाळी कवापासून बंद हाय?"

सुवार्तानं मान खाली घातली. "दिवाळीच्या आधीपासून."

"आन् हे काय हाय ते तुला ठाऊक होतं?"

"सर म्हनले ताकदीचं हाय. सगळेच घेतात म्हनले, त्यांचाच एक मानूस तिथं टोचतो." मग ती म्हणाली, "हाव. ठाऊक होतं. पुरतं न्हाई, पण होतं."

"मंग माझ्याकडं काहून आलीस? तुमच्या सरांचा मानूस बाकीच्यांना टोचतच होता की तिथं."

पोरीनं शिशी बाजूला सारली. मग त्या नव्या जाड आवाजात म्हणाली, "तू प्रार्थना करतीस म्हणून."

"म्हंजी?"

"मला वाटलं, तुझ्या हातून घेतलं तर पाप लागायचं न्हाई. तू देवाला विचारूनच टोचतीस की."

अडतीस वर्षं दवाखान्यात आणि नंतरची सात वर्षं या खोलीत सरजाबाईनं हजारो डोक्यांवर हात ठेवला होता. त्यातल्या एका तरी वेळी तिनं देवाला काही विचारलं होतं का? ती देवाला सांगत आली होती. यश दे. यश दे. आणि कशाला यश मागतोय हे बघायची तसदी निदान या बारा शनिवारी तिनं घेतली नव्हती.

"मी विचारत न्हाई गं," ती म्हणाली. "नुस्तं सांगते. विचारलं असतं तर त्यानं चिठ्ठी मागितली असती."

सुवार्ता रडायला लागली. कुणाला कळणार नाही, ती म्हणाली. नांदेडला तपासणी झालीच नव्हती. प्रमाणपत्र येईल, भरतीचा अर्ज भरता येईल, सुया तर आता बंदच आहेत. "पप्पाची पाठ बघ की मावशी. एकदा नोकरी लागू दे, मंग देवाची माफी मागीन."

सरजाबाईनं ताट वाढलं आणि पोरगी जेवेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

नाताळ झाला. पाळकसाहेबांनी जाहीर केलं की नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी सुवार्ता साक्ष देईल. साक्ष म्हणजे मंडळीपुढं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. आजारातून उठलेले देतात, पास झालेले देतात. मारोतीला तर काय करू आणि काय नको असं झालं. त्यानं मिलमधल्या सोबत्यांना बोलावलं, चंद्रप्पांना बोलावलं, पाच किलो पेढे सांगून ठेवले. येणाजाणाऱ्याला तो म्हणायचा, "सरजाबाईची प्रार्थना अन् पोरीची मेहनत!" ते ऐकलं की सरजाबाई वळून दुसऱ्या गल्लीनं जायची.

तिची खरी पंचाईत बुधवारी झाली. चंद्रप्पा आले, चिठ्ठी दाखवली, बाही वर केली, डोळे मिटले. सरजाबाईनं सुई भरली, डावा हात उचलला, आणि तो हात डोक्यावर टेकेना. शब्दही येईनात. चंद्रप्पा वाट बघून बघून डोळे न उघडताच म्हणाले, "बाई, झोपलात का काय?"

"आज बिनप्रार्थनेची घ्या."

चंद्रप्पांनी डोळे उघडले. तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग शांतपणे बाही खाली केली. "न्हाई. पुढल्या बुधवारी येतो. तुमचं काय बिनसलंय ते आधी निस्तरा."

त्या रिकाम्या दुपारी ती भरलेली सुई हातात घेऊन विचार करत बसली. ताकदीचं औषध तेच, हात तोच. नऊ नंबरच्या म्हातारीला ते दिलं तेव्हा एका बाईचं उणं भरून निघालं होतं. सुवार्तात उणं काय होतं? पावणेदोन किलोची होती तेव्हाही देवानं तिला परत नेलं नव्हतं, पुरेशी आहे म्हणून ठेवलं होतं. देह देवाचं मंदिर आहे, हे ती चर्चमध्ये लहानपणापासून ऐकत आली होती, आणि त्या मंदिराच्या भिंती फोडायला आपणच बारा वेळा हात दिला. आणि हे करून काढून घेतलं कुणाचं, तर त्या किनवटच्या पोरीचं. त्या पोरीनं धुवून वापरता येईल अशी पट्टीसुद्धा ठेवून घेतली नव्हती. सरजाबाईला स्वतःचा एवढा राग आला की तिनं सुई मोडून डब्यात टाकली.

शनिवारी ती मैदानावर गेली. सुवार्ता गोळा पुसत होती.

"उद्या मी साक्ष देणार हाय," सरजाबाई म्हणाली. "माझ्या प्रार्थनेची माफी मागणार. तुझं नाव घ्यायची न्हाई. पण हे पोटात ठिवून मला पुन्यांदा कुणाच्या डोक्यावर हात ठिवता यायचा न्हाई."

"तू बोललीस की सगळ्यांना कळंल."

"हाव."

"माझी नोकरी जाईल. मैदान जाईल."

"हाव गं माय. म्हणूनच आदल्या दिवशी सांगायले."

सुवार्तानं गोळा तिथंच टाकला आणि मागं न बघता निघून गेली. सरजाबाईला वाटलं, संपलं. आपण हिला गमावलं. कापसात गुंडाळून जगवलेलं पोर आपण आपल्याच तोंडानं घालवलं. तो गोळा तिनं दोन्ही हातांनी उचलून अकादमीच्या खोलीत नेऊन ठेवला. तिथवर जाताना ती तीनदा थांबली.

रविवारी चर्च भरलं होतं. मिलमधली माणसं मागं उभी, शेवटच्या बाकावर भस्म लावलेले चंद्रप्पा, पहिल्या बाकावर मांडीवर पेढ्यांची खोकी घेतलेला मारोती. सुवार्ता बायांच्या बाजूला मागं भिंतीशी बसली होती. सरजाबाईकडं तिनं बघितलं नाही. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. सुवार्ता उठली नाही. पुन्हा पुकारलं.

तेव्हा सरजाबाई उठली.

"पाळकसाहेब, आधी मला बोलू द्या." तिनं पदराचं टोक घट्ट धरलं. "मी समद्यांना सुया टोचते. चिठ्ठी बघून टोचते, म्हणून लई फुशारकी मारते. पण मी बारा सुया बिनचिठ्ठीच्या दिल्या. खेळात चालत न्हाई असलं औषध व्हतं. मी विचारलं न्हाई. वरून प्रार्थना केली. देवाला म्हनले, याला यश दे. म्हंजी चोरी मी केली आन् देवाला राखणीला बशिवलं. त्यात एका लेकराचं नुकसान झालं, आन् दुसऱ्या एका लेकराचं बक्षीस गेलं. मी ज्यांना टोचलं त्यांना..."

नाव घ्यायचं नव्हतं, आणि नावाशिवाय वाक्य पुढं जाईना. कुजबुज सुरू झाली. मिलमधल्या कुणीतरी विचारलं, "कुणाला टोचलं?"

"मला."

मागून आलेला तो घोगरा आवाज कुणाचा, हे कळायला लोकांना वळून बघावं लागलं. सुवार्ता उभी होती. ती भिंतीपासून चालत पुढं आली आणि सरजाबाईच्या शेजारी येऊन थांबली.

"मला टोचलं. मावशीला ठाऊक नव्हतं, मला होतं. पप्पा, ते पदक माझं न्हाई. मी अकरा मीटरवालीच हाय. बाकीचे दोन मीटर शिशीतले हाईत. मी ते वापस देणार हाय." मग तिला काय बोलावं कळेना. "हीच माझी साक्ष."

साक्ष झाली की मंडळी आमेन म्हणते. त्या दिवशी कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. पाळकसाहेब पुस्तकाची पानं उलटत राहिले. मारोती पुतळ्यासारखा समोर बघत होता. त्या शांततेत शेवटच्या बाकावरच्या चंद्रप्पांना एवढंच कळलं की बाईंच्या बोलण्याचा शेवट ज्या शब्दानं होतो तो अजून आलेला नाही. ते ठणठणीत आवाजात म्हणाले, "आमेन!" आणि सवयीनं पुढं जोडलं, "शिव शिव."

एक बाई फिसकन हसली, दुसरी रडली, आणि मग सगळं चर्चच एकदम आमेन म्हणालं. पाळकसाहेबांनी डोळे पुसत गीत सांगितलं. कडवं वर चढायला लागलं तेव्हा सगळ्या बाया थांबल्या, आणि वर जायला कुणीच नव्हतं. सुवार्ता ओठ मिटून उभी राहिली. तेव्हा सरजाबाईनं तिचा हात धरला आणि तेच कडवं खालच्या पट्टीत, पुरुषांच्या सुरात, बेसूर उचललं. जरा वेळानं पोरगीही गायला लागली.

बाहेर पायऱ्यांवर मारोती पेढे वाटत होता. डोळे लाल, पण हात थांबत नव्हता. चंद्रप्पांनी पेढा घेत हळूच विचारलं, "मारोती, आता हे कशाचे?"

"पोरगी हरवली व्हती," मारोती म्हणाला. "घावली."

पुढच्या आठवड्यात सरजाबाई आणि सुवार्ता पदक घेऊन नांदेडला गेल्या. तिथल्या क्रीडा कार्यालयातले साहेब गोंधळले. हिसकावून घेतलेली पदकं त्यांनी पाहिली होती, पण कुणी पिशवीत घालून आणून दिलेलं हे पहिलंच. अर्ज लिहून घेतला, वर कळवतो म्हणाले. अकादमीच्या सरांचा फोन तेव्हापासून लागत नाही. सुवार्तावर किती दिवसांची बंदी येईल ते अजून ठरायचं आहे. भरतीचा अर्ज गेला तो गेलाच. मारोती अजून पोती उचलतो, आणि त्याची पाठ सकाळी अजून अर्ध्यात अडकते. गळ्याची वरची पट्टी परत आली नाही. मार्चमध्ये किनवटहून सुवार्ताला एक फोन आला. बुद्धप्रिया तिसरी ठरली होती. ती फार बोलली नाही. "मावशीला सांगा, बोट बरं हाय," एवढंच म्हणाली.

चंद्रप्पांची बुधवारची सुई पुन्हा सुरू झाली. फक्त आता सरजाबाई चिठ्ठी दोनदा वाचते, औषध कशाचं आहे ते मोठ्यानं विचारते, आणि मगच डोळे मिटते. चंद्रप्पा कुरकुरतात की देवापेक्षा तुमच्याच चौकशा फार.

त्यानंतरच्या एका शनिवारी, नेहमीच्या वेळेला, सुवार्ता आली. हातात काही नव्हतं. ती सुया घेताना ज्या स्टुलावर बसायची त्याच स्टुलावर बसली, डोकं पुढं केलं आणि डोळे मिटले.

"काय गं?" सरजाबाई म्हणाली. "सुई कुठाय?"

"सुई न्हाई. नुस्ती प्रार्थना कर."

सरजाबाईनं डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. 'प्रभू' म्हणाली आणि पुढचा शब्द सवयीनं ओठांवर आला, तो तिनं गिळला. यश नको. मग काय मागायचं? हाताखाली पोरीचं डोकं गरम लागत होतं, त्या अकरा दिवसांत पोलक्याच्या आत लागायचं तसं.

"प्रभू," ती शेवटी म्हणाली, "ही जशी हाय तशीच आम्हाला लई हाय."

"आमेन," सुवार्ता म्हणाली, तिच्या त्या जाड आवाजात.